‘अनौपचारिक चर्चा झाली’: सोलापुरातल्या महिला मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातल्या महिला मंडळांच्या अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मागच्या रांगेत बसणाऱ्या सभासद मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एकाच मंडळाच्या कार्यकारिणीला लिहिलं होतं. अध्यक्ष वहिनींनी ते उभ्या उभ्या वाचलं, ‘बघू या हं काकू’ म्हणाल्या आणि पर्समध्ये ठेवलं. त्या गोष्टीला तीन महिने झाले. दरम्यान जुळे सोलापूर, होटगी रोड, नवी पेठ अशा ठिकठिकाणच्या मैत्रिणींशी बोलले, तर सगळीकडे तीच रड: बायकांची मोकळी चर्चा बंद पडते आणि तिच्या जागी स्पर्धा आणि खेळ येतात. म्हणून आता सगळ्यांनाच लिहिते आहे. आमच्या मंडळाचं नाव लिहीत नाही. ओळखणाऱ्या ओळखतील, आणि ज्यांना वाटेल ‘हे आमच्याचबद्दल आहे’, त्यांच्याबद्दलही ते असेलच.

आमच्याकडे आठ वर्षं महिन्याच्या चौथ्या शनिवारी चर्चा असायची. साडेचार ते सहा. पाहुणी नाही, हार नाही, दीपप्रज्वलन नाही. एकीनं विषय काढायचा आणि बाकीच्यांनी बोलायचं. आपल्या गावात काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे शनिवार नेमका पाण्याचा निघाला तर बैठक रविवारी. एवढा एकच नियम होता, आणि तोही नळानं केलेला. विषय घरचेच. लेकीच्या लग्नात मानपानाला नाही म्हणायचं का, सुनेचा पगार कोणाच्या खात्यात जातो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलावायचं की तिच्या घरी नुसतं वाण पोचवायचं. या शेवटच्या विषयानंतर दोघी जणी दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण बैठकीला येत होत्या. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला.

मग दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघाला हक्कसोडीचा, म्हणजे माहेरच्या मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा.

एक जण म्हणाली, ‘भाऊबीजेचं ताट आणि हक्कसोडीचा कागद आमच्याकडे एकाच दिवशी पुढे आला.’ आधी हसू झालं. मग कोणीतरी म्हटलं, सही केलेल्यांनी हात वर करा बरं. निम्म्याहून जास्त हात वर गेले. माझाही गेला. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असं शिकवलेली बाई मी. तो कागद मी वाचला नव्हता. भावानं बोट ठेवलं तिथे सही केली आणि श्रीखंड खाल्लं.

कायदा काय म्हणतो ते एका वकील मुलीनं सांगितलं. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं वाटा दिला, पण तोवर जिचं लग्न झालं नव्हतं तिलाच. २००५ साली तो हक्क देशभर आला, लग्नाची अट न ठेवता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं काही नाही. म्हणजे कायदा तीनदा सांगून मोकळा झाला, आणि आम्ही तीनदा सह्या करून मोकळ्या झालो. ‘सही केली नसती तर माहेर तुटलं असतं,’ एक जण खाली बघत बोलली. दुसरी उसळली: ‘मी आनंदानं केली. भावानं आईला शेवटपर्यंत सांभाळलं, मी नाही. त्याची झडती इथे कोणी घेऊ नये.’ तिचंही खरंच होतं. आवाज चढले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, एक जण चहा न पिताच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दोन घरांतून अध्यक्ष वहिनींना फोन गेले. फोन करणारे सभासद नव्हते, सभासदांचे यजमान होते.

पुढच्या महिन्यात चर्चेऐवजी पाककृती स्पर्धा झाली. शेंगा चटणीचे नऊ प्रकार. चटणीशी माझं वैर नाही, तिसरा नंबर मलाच आला. त्याच्या पुढच्या महिन्यात मेंदी, नंतर झुंबा, आणि आठ मार्चला पैठणीचा खेळ. ‘काकू, चर्चेला बायका येत नाहीत हो,’ असं मला सांगण्यात आलं. आणि मागच्या वार्षिक सभेत इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा हक्कसोडीच्या त्या दीड तासाची नोंद अशी निघाली: ‘अनौपचारिक चर्चा झाली. चहापान होऊन सभा संपली.’

ते वाक्य ऐकलं आणि हे पत्र लिहायचं ठरलं.

मैत्रिणींनो, १८८२ साली पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. मी ती ओळ शिकवलीही. त्या वेळी त्यांचं वय किती होतं? चोवीस. आईवडील दुष्काळाच्या भटकंतीत गेलेले, भाऊ गेलेला, नवरा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला, आणि कडेवर वर्षाची मनोरमा. अशी बाई आसामकडून पुण्याला येते आणि पहिलं काम काय करते, तर बायकांना एका खोलीत बसवून बोलायला लावते. शाळा काढली ती पुढे सात वर्षांनी, १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन. आधी बैठक, मग शाळा. हा क्रम मला फार दिवस लक्षातच आला नव्हता.

समाज पुण्यापुरता राहिला नाही. रमाबाई गावोगाव गेल्या, भाषणं केली, शाखा निघाल्या. त्या गावांची नावं एकदा सावकाश वाचा: अहमदनगर, ठाणे, मुंबई, पंढरपूर, बार्शी आणि सोलापूर. सहांतली तीन आपल्या जिल्ह्यातली! आपल्या गावात जुनी मिल सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, रेल्वे येऊन बावीस. बायकांनी एकत्र बसून आपल्या प्रश्नांवर बोलायचं, ही कल्पना मुंबई-पुण्याहून आपल्याकडे उशिरा पोचली असं आपण धरून चालतो. ती त्याच सुमाराला पोचली होती. आमच्या बैठकीत मी एकदा विचारलं, सोलापुरात आर्य महिला समाजाची शाखा होती हे कोणाला ठाऊक आहे? एकीलाही नव्हतं. मलासुद्धा ते निवृत्तीनंतर कळलं. आपल्याला चार हुतात्म्यांची नावं पाठ आहेत, १९३० चा मार्शल लॉ पाठ आहे, आणि ते असलंच पाहिजे. पण त्याच्या अर्धशतक आधी याच गावात बायका सतरंजी टाकून बसल्या होत्या, हे आपल्या कानावरही आलेलं नाही.

‘नुसतं बोलून काय होतं’ हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही. त्याच १८८२ च्या सप्टेंबरात हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला. समाजाच्या जवळपास तीनशे ब्राह्मण स्त्रिया, पोरंबाळं घेऊन, आयोगाच्या स्वागताला जमल्या. पोरंबाळं घेऊन, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या एका सभासदाला ‘लहान मूल घेऊन चर्चेला येऊ नका, व्यत्यय येतो’ असं सुचवण्यात आलं होतं. रमाबाईंनी आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. तीन गोष्टी मागितल्या: शिकवायला स्त्री शिक्षिका, शाळा तपासायला स्त्री तपासनीस, आणि बायकांना वैद्यकीचं शिक्षण. शिकलेल्या पुरुषांबद्दलही स्पष्ट बोलल्या. शंभरातले नव्याण्णव स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, बाईची मोहरीएवढी चूक दिसली की तिचा डोंगर करतात, असं सरकारी आयोगाला तोंडावर सांगितलं. या मागण्या एकटीनं दिवाणखान्यात बसून सुचत नाहीत. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगता येत नाही म्हणून बाई अंगावर काढते, हे बाई बाईलाच सांगते, आणि तेही चौथ्या-पाचव्या भेटीत, ओळख मुरल्यावर.

मुंबईच्या शाखेत रखमाबाई जात असत. अकराव्या वर्षी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून नांदायला नकार देणाऱ्या, १८८७ साली ‘नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात’ असा निकाल लागला तेव्हा तुरुंग पत्करते म्हणणाऱ्या, आणि पुढे डॉक्टर होऊन सुरत-राजकोटला आयुष्य घालवणाऱ्या. एका बैठकीमुळे रखमाबाई घडल्या असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी कोर्टातून परत आल्या त्या दिवशी जाऊन बसायला त्यांना एक जागा होती.

उलट बाजू बघा. १८८२ सालीच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांची अब्रू काढली, त्याला दिलेलं ते उत्तर. भाषा अशी की आजही वाचताना कान गरम होतात. ताराबाईंवर टीकेची झोड उठली. बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी, १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. मला नेहमी वाटतं, बुलढाण्याला त्यांना सतरंजी मिळाली असती तर?

आता रमाबाईंच्या समाजाचं तोंड भरून कौतुक करून थांबले तर आमच्या बैठकीत मला कोणी सोडलं नसतं. त्या तीनशे जणी ब्राह्मण होत्या. सावित्रीबाईंनी त्याच पुण्यात तीस वर्षं आधी, १८५२ च्या संक्रांतीला, सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू केलं होतं. तीस वर्षांत जाजम आखूड झालं. आपल्याही मंडळांची जाजमं मोजून बघा. आमच्या मंडळात पूर्व भागातल्या, विडी कामगारांच्या वस्तीतल्या, किती जणी आहेत? दोन. त्यातली एक माझ्या आग्रहाखातर येते. तिच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. ती एकदा म्हणाली, ‘तुम्ही चर्चा चर्चा करता, आमच्या ओट्यावर ती रोजच असायची. हात विडीवर, तोंड मोकळं.’ मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हजाराचा हिशेब पुरा करायची घाई, आणि तेलुगू-मराठीतून सगळ्या गल्लीच्या सासू, नवरे, दारू, फंड, मुलींची शाळा यांचा निकाल. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्या लढ्याची सुरुवात अशाच ओट्यांवर झाली असणार. दीपप्रज्वलन करून झाली असेल असं मला तरी वाटत नाही.

दुसरं, रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी ख्रिस्ती झाल्या आणि इकडे सुधारकांचीही तोंडं वाकडी झाली. एका माणसावर उभी असलेली बैठक तो माणूस गेला की हलते. मुंबईचा समाज मात्र टिकला, कारण तिथे सूत्रं पुढे हातोहात गेली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, दुसऱ्या रमाबाई, म्हणजे रमाबाई रानडे तिथे काम करायला लागल्या, पुढे त्यांनी मुंबईत हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला, १९०४ साली भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि नंतर पुण्याचं सेवासदन उभं केलं. त्या सेवासदनाच्या सोलापूरच्या शाळेत आपल्यातल्या कितीतरी जणी शिकल्या. म्हणजे १८८२ चा धागा फिरून आपल्या वेणीत आलाच आहे, आपल्याला फक्त तो कोणी दाखवला नाही.

आणि रानडे वहिनींना हे सगळं सोपं गेलं असं समजू नका. न्यायमूर्तींची बायको, पण सभेला जाऊन आली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका टाकून बोलत, अबोला धरत. हे आपल्याला कसं कळतं? त्यांनी १९१० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं म्हणून. त्या घरात कोणी इतिवृत्त लिहिलं असतं तर ‘सौ. वहिनीसाहेब सभेस जाऊन आल्या, नंतर भोजन झाले’ एवढंच उरलं असतं.

इतिवृत्तावरून एक परदेशातली गोष्ट सांगते. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेज भागात मेरी जेनी हाऊ नावाच्या बाईनं पंचवीस जणींना घेऊन ‘हेटेरोडॉक्सी’ नावाचा क्लब काढला. नावाचा अर्थच चाकोरीबाहेरचं मत. सभासद व्हायची अट तेवढीच: तुमचे विचार रूढ नसावेत. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी एकत्र जेवायचं, एकीनं बोलायचं, मग सगळ्यांनी तुटून पडायचं. त्यात लेखिका होत्या, वकील होत्या, डॉक्टर होत्या, गिरणी कामगारांच्या संपात उभी राहणारी एलिझाबेथ गर्ली फ्लिनसुद्धा होती. आपल्या मिलच्या गावाला ही बाई आवडली असती. पहिल्या महायुद्धात उतरावं की नाही यावरून क्लबात अशी जुंपली की काही जणी निघून गेल्या. वर सरकारची पाळत. तरीही क्लब १९४० च्या आसपासपर्यंत चालला. आणि या बायका इतिवृत्त ठेवत नव्हत्या, मुद्दाम. खोलीत बोललेलं खोलीत राहील, तरच मोकळं बोलता येईल, असं त्यांचं म्हणणं. ते मला शंभर टक्के पटतं. आमच्याकडचे ते दोन फोन आठवले की जरा जास्तच पटतं.

त्यांच्यातही खोट होतीच. एवढ्या मोठ्या क्लबात कृष्णवर्णीय सभासद एकच, ग्रेस नेल जॉन्सन. जाजम सगळीकडे आखूडच.

पण बघा, एक रानडे वहिनी, ज्यांनी सगळं लिहिलं. एक न्यूयॉर्कचा क्लब, ज्यांनी काहीच लिहायचं नाही असं ठरवलं. दोन्ही मला समजतात. आपण मधलंच काहीतरी करतो. लिहितो, पण असं लिहितो की काही घडलंच नाही. ‘अनौपचारिक चर्चा झाली.’ कशावर झाली? कोण काय म्हणालं, नावं नका लिहू, पण विषय तरी लिहा! उद्या माझी नात ही वही उघडेल तर तिला वाटेल, या बायका आठ वर्षं नुसता चहा पीत होत्या.

आता मागणं. पाककृती, मेंदी, पैठणी सगळं चालू द्या. हौस हवीच, आणि पैठणीच्या खेळाला गर्दी होते हेही खोटं नाही. पण चौथा शनिवार परत द्या. ‘बायका येत नाहीत’ हे कारण सांगू नका. त्या हक्कसोडीच्या बैठकीला बसायला जागा नव्हती, मी स्वतः पायरीवर बसले होते. वाद झाले म्हणून बंद केलं असेल तर तसं सरळ सांगा. दोन घरांतून फोन आले म्हणून बंद केलं असेल तर तेही सांगा, मग त्या दोन यजमानांनाच विषय देऊन बोलवू, हवं तर. आणि ज्या मंडळांत अशी बैठक कधी नव्हतीच, त्यांनी एकदा करून बघावी. खर्च चहाचा. सभागृह लागत नाही, गच्ची चालते, उन्हाळ्यात तर गच्चीच बरी, सूर्य कलल्यावर.

एखाद वेळी पूर्व भागात बसू. त्या मैत्रिणीच्या आईचा ओटा अजून आहे. तिथे आपण पाहुण्या, म्हणून जरा कमी बोलू आणि जास्त ऐकू. मला हे जड जाईल, मला ठाऊक आहे.

आमच्या कार्यकारिणीला खास सांगते: येत्या चौथ्या शनिवारी साडेचारला मी माझ्या घरी सतरंजी टाकते आहे. पाण्याचा दिवस निघाला तर रविवारी. विषय तोच, जिथे सोडला होता तिथून पुढे. जी चहा न पिता उठून गेली होती तिला मी स्वतः जाऊन बोलावलं आहे, ती येते म्हणाली आहे. आनंदानं सही केली म्हणणारीलाही. लहान मुलं आणली तरी चालतील. इतिवृत्ताची वही सचिव ताईंकडे आहे, ती तेवढी येताना आणावी, आणि पेनही, कारण माझ्या घरातली सगळी पेनं नातवानं संपवली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक जुनी सभासद, निवृत्त शिक्षिका
सोलापूर